शेवट बदलणारी बाई

चौगल्यांच्या घरात भांडण व्हायचं असलं की आधी मटण आणलं जातं. उपाशीपोटी भांडायची या घराची रीत नाही. म्हणून रविवारी सकाळी अनुजाचे यजमान विजयसिंह पिशवी घेऊन निघाले आणि दारातून मागं वळून म्हणाले, "जरा जास्तच आणतो, उदय रागात असला की लई जेवतो," तेव्हा अनुजानं आणखी दोन कांदे सोलायला घेतले.

उदयसिंह म्हणजे पुतण्या. तो मुरगूडहून गाडी काढून निघाला होता. बरोबर बायको मोना होती आणि आक्का होत्या. आक्का म्हणजे उदयसिंहाची आई, अनुजाची थोरली जाऊ, आणि नवरा केरबा ऐन तारुण्यात गेल्यापासून चौगल्यांच्या घरातलं शेवटचं कोर्ट. उदयसिंहाची मुलगी मैथिली विद्यापीठात मराठीत एम.ए. करत होती. ती हॉस्टेलवरून परस्पर यायची होती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या रविवारच्या पुरवणीत अनुजाच्या येणाऱ्या कादंबरीतलं एक प्रकरण छापून आलं होतं. एका तरण्या विधवेच्या हातात घरचं गुऱ्हाळ येतं. हंगामाला नवा गुळव्या येतो. रस आटवायच्या काहिलीतला गूळ कधी उतरवायचा हे नुसत्या नजरेनं ओळखणारा, अबोल माणूस. एका संध्याकाळी तो गरम गुळाचा खडा उसाच्या पानावर ठेवून तिच्यापुढं धरतो आणि ती चाखते. बस, एवढंच. पण मुरगुडात पेपर वाचणारे कमी आणि वाचलेलं सांगणारे फार. मधल्या आठवड्यात त्या खड्याची अख्खी ढेप झाली होती. त्यात उदयसिंह यंदा साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा होता.

कादंबरीची शेवटची प्रुफं दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटावर ठेवली होती. प्रकाशकाला ती उद्या, सोमवारी, परत हवी होती. अनुजानं मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली होती आणि ती विजयसिंहांनाही सांगितली नव्हती. आक्का नाही म्हणाल्या, तर प्रुफं जाणार नाहीत. मग प्रकाशक काही म्हणो.

असं ठरवणं सोपं नव्हतं. उभा जन्म तिनं कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या वाचनालयात दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळण्यात घालवला होता. नेसरीच्या मास्तरांची ही मुलगी, लग्न करून इथं आली आणि दोन वर्षांत ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसली, ती निवृत्त होईतो उठली नाही. लिहायला लागली ती साठीच्या उंबऱ्यावर. पहिला कथासंग्रह आला, गावातल्या एका संस्थेनं शाल-श्रीफळ दिलं, आणि निवेदकानं 'ज्येष्ठ लेखिका' म्हटल्यावर ती मागं वळून बघायला लागली, कोण आलं म्हणून.

लिहायचं कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की ती म्हणे, परत आलेल्या पुस्तकांवर. ते खरंच होतं. वाचनालयात परत आलेलं पुस्तक ती उघडून बघायची. घरच्या बायका स्वयंपाक करता करता वाचत, त्यामुळे पानांवर हळदीची बोटं उमटलेली असत. एखाद्या कादंबरीत हळद चाळिसाव्या पानावरच थांबलेली असे. म्हणजे तिथं वाचणारीनं पुस्तक मिटलं आणि नवऱ्याच्या हाती परत पाठवून दिलं. एखादीत मात्र ती शेवटच्या पानापर्यंत गेलेली असे, आणि अशा पुस्तकावर अनुजाचा जीव बसे. डागाचा दंड तेवढा ती नेमानं वसूल करी, त्यात मात्र दयामाया नव्हती.

गाडीचा हॉर्न वाजला. आक्का पुढच्या सीटवरून उतरल्या. मांडीवरचा काकवीचा डबा त्यांनी वाटेत कुणाच्या हातात दिला नव्हता.

"पहिल्या घाण्याची हाय," त्या अनुजाला म्हणाल्या. "विकायच्या आधी घरात. धर नीट, गळतीया."

"आक्का, बरं आहे ना?"

"मला काय झालंय? डोळ्यात पडदा आलाय तेवढा. त्यो काढायचा म्हणतोय डॉक्टर. आन् ह्याच्या डोक्यात आलाय," त्यांनी मागून येणाऱ्या लेकाकडं हनुवटी केली, "त्यो कुठला डॉक्टर काढणार?"

उदयसिंहानं काकांना वाकून नमस्कार केला. काकीलाही केला, पण नजर पायांवरच ठेवली आणि फोन कानाला लावून तो गॅलरीत गेला. फोन आलेला नव्हता हे घरातल्या प्रत्येकाला कळलं.

स्वयंपाकघरात मोनानं पदर खोचला आणि पहिल्यांदा दाराकडं बघून घेतलं.

"काकी, मी दोनदा वाचलं," ती हळू आवाजात म्हणाली. "रडलो मी. पण ह्यांच्यासमोर मी तुमच्या बाजूची न्हाय, ध्यानात ठेवा. घरात ऱ्हायाचं हाय मला."

"राग फार आहे का?"

"चहाच्या टपरीवर समोरच्या पॅनेलच्या कुणीतरी इचारलं म्हणं, 'मालक, आईसाहेबांचं पुस्तक कुठं मिळंल?' तवापास्नं चुलीवरच्या तव्यागत हाईत."

"आणि आक्का?"

मोनानं खांदे उडवले. "कायच बोलल्या न्हाईत. मैथिलीनं फोनवर वाचून दाखवलं, तर नुसतं 'हं' म्हणाल्या. त्या 'हं'चंच भ्या वाटायलंय मला."

भीती अनुजालाही वाटत होती. आक्का ओट्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या, नेहमीच्या जागी, आणि पांढऱ्या रश्शाच्या पातेल्यावर वाकून त्यांनी वास घेतला. ही जागा जुनी होती. उदयसिंह कॉलेजला कोल्हापुरात होता तेव्हा आक्का त्याच्यासाठी इथं येऊन राहायच्या. गुळाचा हंगाम आला की मुरगूडला, हंगाम सरला की परत इथं. संध्याकाळी दोघी जावा मिळून भाकऱ्या करायच्या. आक्कांनी थापायच्या, अनुजानं भाजायच्या, आणि भाजता भाजता वाचनालयातून आणलेल्या कादंबरीची गोष्ट सांगायची. आक्कांची शाळा दुसरीला सुटलेली. पण गोष्टीची भूक अशी की एखाद्या दिवशी अनुजा विसरली तर त्या पीठ मळायलाच घेत नसत.

त्यात एकदा घोटाळा झाला होता. एका कादंबरीतली नायिका शेवटी मेली, आणि अनुजानं ती तशी सांगितली. आक्कांनी समोरचं ताट सरकवलं ते सरकवलंच. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा नुसत्या चहावर. तेव्हापासून अनुजानं एक युक्ती धरली. एखाद्या पुस्तकात कुणी बाई विहिरीकडं निघाली, की स्वयंपाकघरात ती वाटेतून परत फिरायची. नवरा टाकून गेला, की तिला शिवणाचा क्लास काढून मिळायचा. पुस्तकं तर मागणीची, एका रात्रीच्या बोलीवर घरी आणलेली, पुष्कळदा शेवट वाचूनच व्हायचा नाही, मग तो मनानंच करायचा. वाचनालयात एक पुस्तक चुकीच्या फळीवर गेलेलं जिला खपत नसे, ती बाई घरी अख्ख्या कादंबऱ्या जागेवरून हलवत होती. आणि त्यात तिला भारी मजा येत होती, हेही खरं.

मैथिली आली, पानं वाढली गेली. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, कांदा-दही. टेबलावर सगळे मावले. पहिली भाकरी सगळ्यांनी खाली मान घालून संपवली. उदयसिंहानं तांबडा दोनदा मागून घेतला आणि मग वाटी खाली ठेवली.

"काकी, एक इचारू?"

"विचार की."

"आमच्या आईची गोष्ट मला पेपरात वाचायला मिळावी, एवढा मी परका झालो काय?"

अनुजानं उत्तरं बरीच तयार ठेवली होती. निवडणुकीवर, इभ्रतीवर, गावावर. तिला वाटलं होतं तो ओरडेल. तो तर दुखावलेला होता.

"उदय, त्यात कुणाचं नाव नाही," ती म्हणाली.

"मुरगूडला बाईनं चालवल्याली गुऱ्हाळं किती हाईत, काकी? नाव कशाला लागतंय?"

"मग काय झालं?" विजयसिंह मध्ये पडले. "वैनींनी गुऱ्हाळ चालवलं हे काय लपवायचं हाय? लोकांनी पाया पडावं असं काम हाय ते."

"गुऱ्हाळाचं म्हणत न्हाय मी, काका. त्या गुळव्याचं म्हणतोय. आईच्या नावानं लोक हसत्यात आन् तुम्ही मला..."

"कोण हसतंय?" मोना एकदम बोलली. "बायका तर म्हणत्यात लई चांगलं लिव्हलंय म्हणून."

उदयसिंहानं बायकोकडं बघितलं. मोनानं जीभ चावली, पण बोलून गेली होती. सकाळी ठरवलेली बाजू तिनं जेवणाच्या मध्यातच सोडली.

"बाबा, ती कादंबरी आहे," मैथिली म्हणाली. "फिक्शन. असं एकेक माणूस ओळखत बसायचं नसतं."

"तू गप. तुला मार्क पडायचे आसत्यात त्याच्यावर."

"आन् मी काय म्हणतो," आक्का म्हणाल्या, आणि सगळे थांबले. त्या भाकरीचा तुकडा रश्शात बुडवत होत्या. "पुस्तकात बाईचं आलं म्हणून काय आभाळ कोसळतंय का? ती सुनंची गोष्ट न्हाय का? नवऱ्यानं सवत आणल्याली. नदीकडं गेली, आन् काठावर तिला तिची शाळंतली मैतरीण भेटली, मग दोघींनी मिळून खानावळ काढली. त्या सुनंला कोण हसलं? मी तर समद्या गावाला सांगितलोय ती गोष्ट."

मैथिलीचा घास हातात राहिला. "कुठली सून, आजी? करवंदी लुगड्यातली?"

"व्हय, तीच."

"ती आम्हाला अभ्यासाला आहे. ती नदीत जीव देते."

"न्हाय गं. खानावळ काढती."

"आजी, मी परीक्षेत लिहिलंय. जीव देते."

आक्कांनी सावकाश मान वळवून धाकट्या जावेकडं बघितलं. अनुजा कांदा-दह्याच्या भांड्यात काहीतरी शोधायला लागली.

"आन् ती मास्तरीण?" आक्कांनी नातीला विचारलं. "जिनं बोळात शाळा काढली?"

"ती मास्तरीण वेडी होते. शाळा वगैरे काही नाही."

"आन् त्या दोघी बहिणी, जत्रंत गाठ पडत्यात त्या?"

"त्यांची गाठ पडतच नाही, आजी. म्हणून तर ती शोकांतिका आहे."

विजयसिंहांना ठसका लागला. उदयसिंहाचाही राग क्षणभर कुठल्या कुठं गेला, आणि तो काकीकडं तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्याला आठवत होतं. बाहेरच्या खोलीत अभ्यास करताना या गोष्टी त्याच्याही कानावर पडल्या होत्या.

"काकी, त्या खानावळीवाल्या बाईचं उदाहरण मी महिला बचत गटाच्या भाषणात दिलतो," तो म्हणाला.

अनुजाचे कान लाल झाले. "आक्का, तुम्ही जेवत नव्हता ना हो," ती म्हणाली. "म्हणून मी..."

"मला संशव आलता," आक्का शांतपणे म्हणाल्या. "एक सुखी झाली, दोन झाल्या, मी म्हटलो ऱ्हाऊ दे. पर झाडून समद्या? एवढ्या बायका एका टायमाला सुखात? आपल्या जिल्ह्यात?"

टेबल हसलं. आक्काही हसल्या, पुढचे पडलेले दात दाखवत, आणि अनुजाला वाटलं, आता सगळं निभावलं. पण आक्कांनी हसू पुसावं तसं पदरानं तोंड पुसलं.

"आन् आता तुझं पुस्तक. शेवट वाच."

"आत्ता? जेवताना?"

"जेवतानाच ऐकायची सवय हाय मला."

अनुजा उठली. हात धुतले, कपाटावरची प्रुफं आणली, चष्मा लावला. तिनं कोपरं टेबलावर टेकवली. हा शेवट तिनं किती वेळा लिहिला होता हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. पण दरवेळी तो एकच निघाला होता, कारण तो घडलेला होता.

ती वाचायला लागली. हंगाम संपला. काहील पालथी घातली. सासऱ्यांनी गुळव्याला ओसरीवर बोलावलं, धोतर-पटका दिला आणि पुढच्या हंगामाला येऊ नको म्हणून सांगितलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. बाई आत दाराआड उभी होती. पुढच्या वर्षी ऊस आला, चुलवाण पेटलं, आणि बाई रोज संध्याकाळी वाटेकडं बघत राहिली. दुसरा गुळव्या आला. गूळ झाला, पण रंगाला जरा काळा. बाजारात कुणाला फरक कळला नाही. तिला कळला.

तिथं कादंबरी संपत होती.

मोना डोळे पुसत होती आणि ते लपवायचंही विसरली होती. विजयसिंह ताटातल्या हाडाकडं बघत होते. आणि आक्कांनी, अर्धी भाकरी तशीच असताना, ताट पुढं सरकवलं.

झालं, अनुजा मनाशी म्हणाली. उद्या प्रुफं जात नाहीत. प्रकाशकाला काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा तिच्या डोक्यात जुळायला लागली.

"आई," उदयसिंह हळूच म्हणाला, "हे... खरं हाय?"

"व्हय."

"म्हंजे जोतीराम? आपल्याकडं गुळव्या हुता त्यो?"

"काय झालं न्हाय, पर खरं हाय," आक्का म्हणाल्या. "एक हंगाम हुता. धा शब्द बोलला आसंल सगळं मिळून. गेला. तुझ्या आज्यानं वाईट केलं आसं म्हणत न्हाय मी. लेकरू पदरात, गाव वाकडं. त्येंनी त्येंचं केलं."

"मला का न्हाय सांगितलंस? काकीला सांगितलंस."

"तू कवा भाकऱ्या भाजायला बसलास?"

उदयसिंह पाण्याचा तांब्या फिरवत राहिला.

"अनूला मी एक दिस गोष्ट म्हणून सांगितलतो," आक्का पुढं म्हणाल्या. "ती रोज सांगायची, मग म्हटलं आपणबी एक सांगावी. 'एक बाई हुती' म्हणून. तिनं वळखलं, पर तसं दावलं न्हाय. शानी हाय." मग त्या अनुजाकडं वळल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "पर मला एक सांग. दुसऱ्यांच्या लेकीसुना बुडत्याल्या वर काढलीस. येड्या झाल्याल्या शान्या केलीस. त्या तुझ्या कोण लागत हुत्या? आन् माझाच शेवट तेवढा खरा ठेवलीस व्हय गं?"

कादंबरी बंद करा, नाव काढा, गाव बदला, असं काहीही ऐकायची अनुजाची तयारी होती. हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"आक्का, तुमचं खोटं लिहायला हात धजेना," ती म्हणाली. "मला वाटलं, निदान तुमचं तरी जसंच्या तसं असावं. तो मान आहे, असं वाटलं मला."

"खरं मला ठावं हाय की. मी जगलोय ते. त्येच परत पुस्तकात कशाला ऐकू?"

मैथिलीनं तोंड उघडलं. शोकांतिकेबद्दल तिला बरंच बोलायचं असावं. पण तिनं आजीकडं बघितलं आणि पुन्हा मिटलं. तेवढं शहाणपण एम.ए.च्या आधीच तिच्यात होतं.

"मग कसा करू शेवट?" अनुजानं विचारलं. तिचा आवाज आता लेखिकेचा राहिला नव्हता. तव्यासमोर उलथनं धरून उभ्या असलेल्या धाकट्या जावेचा झाला होता.

"काकी, लगीन-बिगीन नगो हां," उदयसिंह घाईनं म्हणाला. "निवडणूक झाल्यावर काय करायचं ते करा, पर लगीन नगो."

"लगीन कुणाला पायजे?" आक्का फटकन म्हणाल्या. "लगीन झालं की ती चुलीम्होरं बसंल आन् गुऱ्हाळ त्येच्या नावानं व्हईल. तिला गुऱ्हाळ चालवू दे. त्येनं निस्तं परत यावं."

"परत?"

"फुडच्या हंगामाला. येऊ नगो म्हटल्यालं आसताना."

बाहेर रस्त्यावर भंगारवाल्याची हाक लांब जात होती. मग विजयसिंह खाकरले.

"चालत येतो त्यो," ते म्हणाले. "एसटीनं न्हाय. मी त्याला बघितलंय, एसटीला पैसे घालवणारा माणूस न्हवता. हातकणंगल्याच्या बाजूचा कुठला तरी, पर आला तवा चालतच आलता."

अनुजानं पेन्सिल उचलली आणि प्रुफाच्या समासात लिहिलं, चालत.

"बोचकं खांद्यावर," मोना म्हणाली. "आन् ती लांबनंच वळखती. चालीवरनं."

"ओळखते, पण पळत जात नाही," मैथिली म्हणाली. तिला राहवलंच नाही. "ती कामातच असली पाहिजे. चुलवाणात चिपाडं सारत असेल."

"हां. पळत कशाला जाईल? काहिलीत रस हाय तिच्या," आक्कांनी नातीला मार्क दिले.

उदयसिंह अजून तांब्या फिरवत होता. "तांबडा पटका बांधायचा त्यो," तो एकाएकी म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"मला आठवतंय की. मी लहान हुतो, काहिलीजवळ जाऊ द्यायचा न्हाय. पोराला चटका बसंल म्हणायचा. गूळ थंड करून, उसाच्या पानावर घालून, लांब कट्ट्यावर आणून द्यायचा." त्यानं तांब्या खाली ठेवला. "काकी, त्यो आला तर आल्या आल्या बोलायचा न्हाय बगा. आदी बाजूचा झारा उचलंल आन् रसावरची मळी काढायला लागंल. जसा काय कालच गेलता."

अनुजा भराभर लिहीत होती. समास भरला, तिनं कागद उलटा केला. सकाळपासून जी भीती तिनं छातीशी धरली होती, ती केव्हा निघून गेली ते तिला कळलंही नाही. इतकी वर्षं ती या माणसांना गोष्टी सांगत आली होती. आज पहिल्यांदा ती माणसं तिला गोष्ट सांगत होती, आणि तिला आनंदानं रडू येत होतं.

"मग गूळ उतरवायची वेळ होते," ती म्हणाली. "कोण सांगतं? तो?"

"तिनं," आक्का म्हणाल्या. "एवढ्या दिसांत शिकली न्हाय व्हय ती? ती सांगती, उतरवा. आन् ह्या खेपंला ती पानावर खडा ठेवती आन् त्येच्याम्होरं धरती. त्येनं चाखायचा."

"आणि काय म्हणतो?"

आक्का थांबल्या. पडदा आलेले डोळे त्यांनी खिडकीकडं केले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते अनुजानं पुढं पुष्कळदा लिहून बघितलं आणि दरवेळी खोडलं.

"'आनखी थोडा दे' म्हणतो," आक्का म्हणाल्या.

मोना हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. उदयसिंहानं मान खाली घातली. विजयसिंहांनी पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कुठं लिव्हणार ते?" आक्कांनी विचारलं. "दाव मला."

अनुजानं कागद त्यांच्यापुढं धरला आणि शेवटच्या ओळीखालची मोकळी जागा दाखवली. आक्कांना अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी जागा चाचपायला बोट ठेवलं, आणि तांबड्या रश्शाचं लालपिवळं बोट कागदावर स्वच्छ उमटलं.

"आई! घाण केलंस की!" उदयसिंह ओरडला.

"राहू दे," अनुजा म्हणाली.

"उद्या पाठवायचंय न्हवं ते?"

"असंच जाईल."

मैथिलीनं आजीच्या कानाशी वाकून विचारलं, "अनुआजी डागाचा दंड घ्यायची ना गं?" पण ते ऐकायला आक्कांना वेळ नव्हता. त्यांना नवा शेवट पहिल्यापासून ऐकायचा होता.

अनुजानं वाचला. समासातून, कागदाच्या पाठीवरून, बाण आणि खोडाखोडीतून वाट काढत. चालत येणारा माणूस, तांबडा पटका, हातात घेतलेला झारा, पान, खडा. शेवटची ओळ वाचून तिनं चष्मा काढला आणि कागद खाली ठेवला.

आक्कांनी हात लांब केला, सरकवलेलं ताट चाचपून पुन्हा आपल्यापुढं ओढलं आणि अर्ध्या राहिलेल्या भाकरीचा तुकडा मोडला.

"मोना," त्या म्हणाल्या, "रस्सा गार झालाय. गरम करून आन."